पडद्यावरचे पांढरे ठिपके

शाबासकी कुणाला नको असते? पण हक्काची नसलेली शाबासकी अंगाला जशी चावते, तसा ढेकूणही चावत नाही. ठकूला हे आता कुणी सांगायला नको. कँटीनच्या मधोमध उभं राहून साहेब म्हणाले होते, "घरचा माणूस, पण बाईंनी भीड धरली नाही. चूक ती चूक. असा प्रामाणिकपणा हल्ली दिवा घेऊन शोधला तरी सापडत नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरून मामांनीही वाजवल्या, आणि सगळ्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या चालूच होत्या.

तर ठकू म्हणजे कारखान्यातल्या टेस्टिंगच्या बाई. ठकू हे घरचं नाव, तेही मामांच्याच तोंडी. आई लवकर गेली, बापाने दुसरा संसार थाटला, आणि आईच्या या धाकट्या भावाने स्वतःचं लग्नबिग्न बाजूला ठेवून भाचीला वाढवलं. शिकवलं, नोकरीला चिकटवलं, लग्न लावून दिलं. पुढे ठकूनेच हट्ट करून त्यांना आपल्या घरी आणलं. येताना ते एक पेटी आणि स्वयंपाकघराचा ताबा घेऊन आले. ठकूच्या नवऱ्याला त्यांच्या हातच्या भाजीची इतकी चटक लागली की बायकोने चमचा धरला तरी तो घाबरून विचारायचा, "का? मामांना बरं नाही का?"

कारखाना गाळणीचे पडदे बनवायचा. पडदा म्हणजे दिसायला साधा पांढरा कागद. पण त्याला नजरेला न दिसणारी छिद्रं असतात, लाखोंनी. हवं ते त्यातून जातं, जंतू मात्र अलीकडेच अडकून बसतो. हा कागद पॉलिमरचा असतो. पॉलिमरची भुकटी सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे ती विरघळवणाऱ्या द्रवात टाकून, ऊब देत देत ढवळत राहायचं, की मधासारखा दाट पाक होतो. तो काचेवर पातळ पसरायचा आणि काच पाण्यात बुडवायची. पाणी लागताच पाक पांढरा पडतो, सॉल्व्हंट निघून जातो आणि तो जिथे होता तिथे छिद्रं उरतात. सगळी मदार त्या पाकावर. आणि पाक मामांच्या हातचा. पाकवाले मामा म्हटलं की गेटवरचा नवा माणूसही टाकीकडे बोट दाखवायचा.

भाची पडदा तपासायची, मामा पाक करायचे. "तुमच्या घरातच सगळं आहे की, नापास कोण करणार?" असं लोक चेष्टेने म्हणायचे. ठकूला ती चेष्टा बोचायची. आपण मामांची भाची आहोत म्हणून नव्हे, तर आपल्याला काम येतं म्हणून त्या खुर्चीवर बसलोय, हे एकदा सगळ्यांना दिसावं असं तिला फार वाटायचं. वाटण्यात काही वाईट नाही. पण माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली ना, की संधी दिसताच तो आधी झडप घालतो आणि विचार नंतर करतो.

संधी आली ती नव्या ऑर्डरच्या रूपाने. औषधाच्या मोठ्या टाक्यांना श्वास घ्यायला जागा लागते, त्या तोंडावर बसवायचे पडदे हवे होते. हवा जायला हवी, पाणी आणि जंतू नकोत. आजवर कारखाना नायलॉनचे पडदे करत आलेला. नायलॉन पाणी पिणारं. हे नवं पॉलिमर, पीव्हीडीएफ त्याचं नाव, त्याचं पाण्याशी उभं वैर. थेंब टाकला तर थेंब मोत्यासारखा गोल उभा राहतो, आत म्हणून शिरत नाही.

आता तपासणीची रीत अशी, की पडदा भिजवायचा आणि खालून हवेचा दाब हळूहळू वाढवत न्यायचा. भिजलेल्या छिद्रात द्रव दडून बसलेला असतो, तो हवेला वाट देत नाही. दाब चढत चढत शेवटी पहिला बुडबुडा येतो. जितक्या चढ्या दाबाला येईल तितकी छिद्रं बारीक. लवकरच आला, तर समजायचं की कुठेतरी भोक पडलंय. पीव्हीडीएफ पाण्याने भिजत नाही, म्हणून त्याला आधी स्पिरिट पाजायचं. नीट भिजला की तो तेल लागलेल्या कागदासारखा आरपार दिसायला लागतो.

नव्या पडद्याचा पहिला मोठा रोल तपासायचा होता त्या दिवशी साहेब स्वतः येऊन ठकूच्या डोक्यावर उभे होते. गिऱ्हाइकाची माणसं बाहेर चहा पीत बसलेली. ठकूने रोलमधून तुकडे कापले, बाटलीतलं स्पिरिट शिंपडलं आणि थोडं थांबून उजेडात धरले. तुकडे आरपार दिसत होते, पण मधेमधे पांढरे ठिपके राहिले होते. तिने एक तुकडा यंत्रात बसवला. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जेमतेम जागचा हलतोय, तोच बुडबुडे! दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचंही तेच.

"काय झालं हे?" साहेबांचा चेहरा पडला. "पाकात ओल गेली असेल का?"

"ओलच. नाहीतर असे ठिपके पडले नसते." ठकू म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण साहेब तिच्याकडे मान हलवत बघत होते, आणि त्या मान हलवण्यात काहीतरी गोड होतं. ती पुढे म्हणाली, "मामांचं हल्ली थोडं विसरायला होतं. टाकीचं झाकण उघडं राहिलं असेल."

बघा, कुणी विचारलं होतं का? मामा काडीमात्रही विसरत नव्हते. ठकूच्या तोंडून निघून गेलं, झालं. सुटलेला बाण आणि सुटलेला शब्द, दोन्हींना परतीचा रस्ता नाही.

मामांना बोलावलं गेलं. ते ॲप्रनला हात पुसत आले. त्यांनी तुकडे पाहिले, ठिपके पाहिले, गेज पाहिलं. मग ठकूकडे पाहिलं आणि म्हणाले, "टेस्टिंगला दिसलंय म्हणजे असणारच. राहिलं असेल माझ्या हातून झाकण. मला आठवत नाहीये, पण राहिलं असेल."

पाकाची टाकी लंबूकडे गेली. लंबू म्हणजे दुसऱ्या पाळीवरचा उंच, अबोल माणूस. मामांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याच्या पाकाचा पडदा पहिल्याच फटक्यात पास झाला आणि मामांच्या चुकीवर शिक्कामोर्तब झालं. त्यांना पॅकिंगला बसवलं, डबे मोजायला. काही दिवस त्यांनी डबे मोजले, आणि मग स्वतःहून सांगितलं की या महिनाअखेरीला मी थांबतो.

पण खरी पडझड घरी झाली. मामा भाजी टाकायचे आणि विचारायचे, "ठकू, मीठ घातलं का गं मी?" चमच्याने चाखायचे, परत चाखायचे, आणि तरी ताटात वाढताना सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. दाराची कडी लावून अर्ध्या जिन्यातून परत वर यायचे, लागली का ते बघायला. गॅसच्या बटणावर हात ठेवून उभे राहायचे. एके दिवशी म्हणाले, "आजपासून स्वयंपाक तू कर बाई. माझ्या हातून एखाद दिवशी भलतंच काही व्हायचं." आणि बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसले. जो माणूस पोराटोरांच्या सायकलींच्या चेन चढवून द्यायला तीन मजले उतरायचा, तो दिवसभर हात मांडीवर ठेवून बसायला लागला.

"वय झालं की व्हायचंच असं," नवरा म्हणाला. ठकूनेही मान हलवली. तिला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण वाईट वाटणं आणि लाज वाटणं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. वाईट वाटलं की माणूस स्वतःला चांगला समजतो.

लाजेचा दिवस रविवारचा होता. जेवणं झाली होती. स्वयंपाक सोडला तरी भांडी मामाच घासायचे. भांड्यात काय चुकणार, म्हणायचे. साबणाची बाटली तळाला गेली होती. मामांनी तिचं बूच काढलं, ती नळाखाली धरली, खळखळ हलवली आणि बूच लावलं. "अजून चार वेळा होईल," असं म्हणून पहिल्याच थाळीवर ओतली. बाटलीतून नुसतं पाणी आलं. फेस म्हणून नाही. थाळीवरचं तेल जिथल्या तिथे, बेटांसारखं. "अरेच्चा! जास्तच झालं वाटतं पाणी," मामा पुटपुटले.

ठकू ओट्याशी उभी होती. तिच्या हातातलं फडकं गळून पडलं.

रोल तपासायच्या त्या दिवशी स्पिरिटची बाटली तळाला गेली होती. स्पिरिट पेट घेणारं, म्हणून पलीकडच्या स्टोअरमध्ये कुलपात. स्टोअरवाला जेवायला गेलेला आणि साहेब खोळंबलेले. तिने बूच काढलं होतं, बाटली नळाखाली धरली होती, खळखळ हलवली होती. विचार करून नव्हे. शाम्पू संपला की, साबण संपला की, हात आपोआप जे करतो ते. लहानपणी मामांना बघून बघून लागलेली सवय. पाण्याशी वैर असलेल्या पडद्याला तिने पाणीच पाजलं होतं. जिथे भिजला नाही तिथे तो पांढरा राहिला आणि त्या कोरड्या जागांतून हवा सुसाट निघून गेली. ठिपके पाकातले नव्हतेच. दुसऱ्या दिवशी ती स्टोअरमधून नवी बाटली घेऊन आली, आणि लंबूचा पडदा पास झाला. व्हायचाच!

"काय झालं गं?" मामा म्हणाले. "मी काही चुकीचं केलं का?"

 ठकू बाथरूममध्ये गेली, दार लावलं आणि तोंडावर पाणी मारत राहिली.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचली. नापास रोल भंगाराच्या कोपऱ्यात अजून पडून होता. तिने तुकडा कापला, नव्या बाटलीतलं स्पिरिट टाकलं. तुकडा कडेपासून कडेपर्यंत आरपार झाला, एक ठिपका नाही. यंत्रात बसवला. काटा चढत गेला, चढत गेला, आणि जिथे बुडबुडा यायला हवा तिथेच आला. मामांचा पाक लंबूच्या पाकापेक्षा कणभर सरसच होता.

आता तरी धावत जाऊन सांगावं की नाही? ती निघालीही होती. पण दारातच साहेब भेटले, सोबत पाहुणे. "या आमच्या टेस्टिंगच्या बाई. सख्ख्या मामांचा माल यांनी नापास केला, बोला!" पाहुण्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. ठकू हसली. हो, हसली! आणि परत खुर्चीत येऊन बसली. त्या हसण्याची तिला पुढे जितकी शरम वाटली, तितकी त्या बाटलीचीही नाही. चूक हातून झाली होती. हसली मात्र ती शुद्धीत.

साहेबांना नाही, तर निदान मामांना सांगू, असं तिने ठरवलं. संध्याकाळी बाल्कनीत गेली, त्यांच्या पायाशी बसली आणि सगळं सांगून टाकलं. स्पिरिट, नळ, ठिपके, सगळं.

मामांनी ऐकून घेतलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून हसले. "तू शाळेत असताना माझा चष्मा माझ्याच बुडाखाली फुटला, तेव्हाही तू म्हणालीस मीच फोडला. तुझी सवय काही जायची नाही."

"मामा, खरं सांगतेय मी!"

"बरं, बरं."

"अहो, देवाशपथ!"

"ठकू," त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. "मी म्हातारा झालोय, लहान नाही झालो. मला असं गोंजारू नकोस. टेस्टिंगमध्ये तुझी चूक व्हायची नाही, हे मला ठाऊक आहे. मी शिकवलंय तुला."

झालं! आता बोला. एवढं खोटं सगळ्यांनी विश्वासाने गिळलं, आणि खरं सांगायला गेली तर कुणी घेईना.

महिनाअखेरीला कँटीनमध्ये निरोपाचा चहा झाला. बिस्किटं, फुलांचा गुच्छ, भिंतीवरचं घड्याळ भेट. साहेब बोलले, आणि बोलता बोलता पुन्हा त्याच रुळावर आले, बाईंचा प्रामाणिकपणा वगैरे. मामा उठले. म्हणाले, "मला जास्त बोलता येत नाही. एवढंच सांगतो, माझी चूक माझ्याच पोरीने पकडली, बाहेरच्या कुणी पकडली नाही, याचा मला अभिमान आहे." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या निरोपात स्वतःच.

ठकूला बसवेना. ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली आणि सगळे वळून बघायला लागले.

"चूक मामांची नव्हती. माझी होती. मी स्पिरिटमध्ये पाणी घातलं होतं."

 मग साहेब मऊ आवाजात म्हणाले, "बाई, आम्ही समजू शकतो. शेवटी रक्ताचं नातं आहे." कुणीतरी च्च च्च केलं. एका बाईने तिला पाण्याचा पेला दिला. तिच्या खरेपणाची इतकी ख्याती झाली होती की ती मामांसाठी खोटं बोलतेय, हेच सगळ्यांना खरं वाटलं. मामा मान खाली घालून बसले होते, त्यांना तिची लाज वाटत होती.

तेव्हा मात्र ठकूचं डोकं फिरलं. "चला," ती ओरडली, "सगळे चला टेस्टिंगला! मामा, उठा!" आणि तिने चक्क हाताला धरून त्यांना उठवलं.

टेस्टिंगची खोली कोंदून गेली. जुनी बाटली सिंकमागे होती, काच पुसायला ठेवलेली. तिने भंगारातल्या रोलचे शेजारशेजारचे दोन तुकडे कापले. एकावर जुन्या बाटलीतलं टाकलं. पांढरे ठिपके उमटले. "ओळखा हे ठिपके," ती म्हणाली. दुसऱ्यावर नव्या बाटलीतलं टाकलं, आणि तो तुकडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आरपार झाला. तिने तो मामांच्या तळहातावर ठेवला. खालून त्यांच्या हातावरच्या रेषा दिसत होत्या.

मग एकेक तुकडा यंत्रात. पहिला लगेच फसफसला. दुसऱ्याच्या वेळी काटा चढत राहिला. बुडबुडा जिथे यायला हवा तिथे आला.

"आणखी एक सांगायचंय," ठकू म्हणाली.  "मामांचं हल्ली विसरायला होतं, असं मी साहेबांना म्हणाले होते. ते खोटं होतं. ते काही विसरत नव्हते. मी असंच म्हणाले."

साहेबांनी खाकरून खिडकीकडे तोंड केलं. लंबूने पुढे होऊन आपला ॲप्रन सोडला आणि मामांच्या खांद्यावर टाकला. लोक एकेक करून निघून गेले. मामा तसेच उभे होते, तो भिजलेला तुकडा हातात धरून. स्पिरिट उडालं तसा तो पुन्हा पांढरा होत चालला होता.

"मीठ घालताना माझा हात कापायचा, ठकू," ते म्हणाले. "मला वाटायचं, हे डोकं आता आपलं राहिलं नाही."

"मामा, मला मारा. काहीही करा."

"बाटलीचं काही नाही गं. बाटलीत पाणी मीच घालायला शिकवलं तुला." त्यांनी तुकडा टेबलावर ठेवला. "पण झाकण उघडं राहिलं का, हे एकदा मला विचारायचं तरी होतंस. माझंच चुकलं असेल, हे तुला इतक्या लवकर कसं पटलं?"

 उत्तर ठकूला माहीत होतं.

 मामा घरी आल्या आल्या स्वयंपाकघरात गेले. ठकू दारात उभी राहिली, आत जायची तिची छाती होईना. त्यांनी भाजी चिरली, फोडणी टाकली, मिठाच्या बरणीत हात घातला आणि चिमटीने नव्हे, मुठीने मीठ टाकलं. चाखून बघितलं नाही. ताटं वाढली आणि पहिलं ताट ठकूपुढे सरकवलं.

तिने घास घेतला. भाजी खारट, अगदी समुद्र! नवऱ्याने घास तोंडात तसाच धरून बायकोकडे पाहिलं. ठकू मान खाली घालून जेवत राहिली. खारट म्हणायचा तिला अधिकारच कुठे होता?

मामांनी स्वतः घास घेतला. थांबले. चावले. आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा ते पोट धरून हसले.

"खारट झालीय की गं! पण ही मात्र माझी चूक हं," ते म्हणाले, "ही तुला देणार नाही."

ठकू रडत रडत ती भाजी खात होती, आणि तिने ताटात काही उरू दिलं नाही.